पॉवर बँक हाताशीच का ठेवायची?

मुंबई विमानतळावर कोल्हापूरच्या विमानासाठी रांगेत उभा होतो. विमान छोटं होतं. डोक्यावरचे कप्पे इतके उथळ, की चाकांची साधी बॅगही आत मावेना. म्हणून गेटवरची मंडळी एकेकाची बॅग घेऊन तिला चिठ्ठी बांधत होती आणि खाली सामानाच्या कप्प्यात पाठवत होती. माझ्या पुढे सत्तरीतले एक काका होते. त्यांनी बॅग पुढे केली तसं तिथल्या मुलीने विचारलं, "काका, आत पॉवर बँक आहे का?"

"आहे की. मघाशी सिक्युरिटीनं बघून सोडलीया."

"ती तेवढी काढून जवळ ठेवा."

काका गोंधळले, आणि त्यांचं गोंधळणं रास्तच होतं. अर्ध्या तासापूर्वी जी वस्तू तपासणीत चालली, ती आता त्याच बॅगेत का चालत नाही? पॉवर बँक तीच, बॅग तीच, विमानही तेच. बदलली होती फक्त जागा. मघाशी बॅग काकांबरोबर वर बसणार होती, आता ती एकटी खाली जाणार होती.

विमानातले लिथियम बॅटरीचे जवळजवळ सगळे नियम या एका प्रश्नातून आले आहेत: ती पेटलीच, तर माणसाचा हात तिथवर पोचेल का? हा प्रश्न डोक्यात ठेवला की नियम पाठ करावे लागत नाहीत, आपले आपण सुचतात. काकांना रांगेत दोन मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे सवडीने सांगतो.

ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉपचे बॅटरी पॅक खोलणं, मेलेले सेल ओळखणं, फुगलेली बॅटरी मोबाइलमधून अलगद सोडवणं हे रोजचं काम. त्यामुळे ही वस्तू आतून कशी असते ते हाताला माहीत आहे.

सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणा. बेसनाचा पातळ थर पसरायचा आणि गुंडाळत जायचा. बॅटरीच्या सेलमध्ये असेच दोन लांब पातळ पत्रे एकावर एक ठेवून गुंडाळलेले असतात. एक तांब्याचा, त्यावर ग्राफाइटचा लेप. दुसरा ॲल्युमिनियमचा, त्यावर लिथियम असलेल्या धातूच्या ऑक्साइडचा लेप. या दोघांचा एकमेकांना थेट स्पर्श होता कामा नये, म्हणून मध्ये प्लास्टिकची एक झिरझिरीत पट्टी घालतात. आपल्या केसापेक्षाही ती पातळ असते. सगळ्या गुंडाळीत एक द्रव मुरवलेला असतो आणि त्या द्रवातून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, इकडून तिकडे जातात. हा द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी नाही. तो पेट घेणाऱ्या रसायनांचा बनलेला असतो.

म्हणजे भरपूर ऊर्जा, जळणारा द्रव आणि मध्ये केसाहून पातळ आडोसा, हे सगळं एका डबीत बंद. ती पट्टी शाबूत आहे तोवर बॅटरी वर्षानुवर्षं गुपचूप काम करते. पण बॅटरी जोरात आपटली, दाबली गेली, बनवताना आत धातूचा कण राहिला, किंवा स्वस्तातल्या सर्किटमुळे ती प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर पट्टीला कुठेतरी छेद जातो. दोन्ही पत्रे भिडतात, शॉर्ट होतो, तिथे उष्णता तयार होते. साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास पट्टी वितळू लागते, त्यामुळे शॉर्ट आणखी पसरतो. आणखी तापलं की आतली रसायनं स्वतःच उष्णता सोडायला लागतात. इथून पुढे बाहेरून काहीच लागत नाही, उष्णतेने उष्णता वाढत जाते. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग तो पेटतो. इंग्रजीत याला थर्मल रनअवे म्हणतात.

मी हे एकदा दुकानात अगदी जवळून पाहिलं आहे. चिकटवलेली मोबाइलची बॅटरी उचकटताना दुकानातल्या मुलाच्या हातून उचकटायचं हत्यार जरा वाकडं घुसलं. आधी बारीक फुसफुस आली, बाटलीचं झाकण सैल केल्यावर येते तशी. मग नेलपॉलिशच्या जवळ जाणारा गोडसर वास, पांढरा दाट धूर आणि लगेच ज्वाला. बॅटरी बिस्किटाएवढी होती. आम्ही ती चिमट्याने वाळूच्या बादलीत टाकली. ज्वाला गेली, धूर थांबला. हुश्श म्हणतोय तोवर काही मिनिटांत ती वाळूतून पुन्हा फुसफुसली. विझली असं वाटलं तरी आतून ती तापलेलीच होती. ते दुसऱ्यांदा उठणं मी विसरलेलो नाही, आणि विमानातले नियम समजायला तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता ही बॅटरी विमानाच्या पोटात, तुमच्या साड्या आणि शर्टांच्या मधोमध आहे असं धरा. पुष्कळांना वाटतं, खाली हवेचा दाब कमी असतो म्हणून बॅटरी तिथे फुटते. तसं नाही. प्रवासी विमानात खालच्या कप्प्यातही वरच्यासारखाच दाब राखलेला असतो. खरी अडचण पोचण्याची आहे. उड्डाणात खाली कोणी जाऊ शकत नाही. तिथे धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि हॅलॉन नावाचा आग दडपणारा वायू सोडायची सोय असते. हॅलॉनने कपड्यांची, पुठ्ठ्याची आग दबते. पण बॅटरीच्या आत जे चाललंय त्याला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते, आणि हॅलॉन ते थंडही करत नाही. त्यात बॅगेत शेजारी डिओडरंटचा किंवा केसांच्या स्प्रेचा डबा असला तर? अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक संस्थेने नेमकी हीच चाचणी केली होती, आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये जगापुढे आले. लॅपटॉपच्या तापलेल्या बॅटरीला लागून ठेवलेला स्प्रेचा डबा फुटला, आणि तोही हॅलॉनला काम करायला वेळ मिळण्याआधी.

हीच बॅटरी वर, केबिनमध्ये असेल तर चित्र पालटतं. धूर पहिल्या मिनिटातच कोणाला तरी दिसतो. केबिन क्रूला याचं शिक्षण दिलेलं असतं: आधी अग्निशामकाने ज्वाला मारायची, मग पाणी ओतायचं आणि ओतत राहायचं. लिथियम पाण्याशी भडकतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो, म्हणून पाणी म्हटलं की लोक दचकतात. मोबाइलच्या किंवा पॉवर बँकेच्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातूचा गोळा नसतो, लिथियम आयनांच्या रूपात असतो. तिथे पाण्याचं काम सेल थंड करण्याचं आहे, म्हणजे शेजारचा सेल पेटणार नाही आणि आमच्या वाळूतल्या बॅटरीसारखी ती पुन्हा उठणार नाही. बर्फ मात्र ठेवायचा नाही. तो वरून झाकण घातल्यासारखा होतो आणि आतली उष्णता कोंडून राहते.

हे शहाणपण जीव जाऊन आलेलं आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. वैमानिकांच्या कक्षात इतका धूर भरला, की त्यांना समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही वैमानिक गेले. नुसत्या लिथियम आयन बॅटऱ्यांची खोकी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. आपल्या बॅगांबद्दलचे नियमही संयुक्त राष्ट्रांच्या आयकाओ या संस्थेच्या त्याच नियमावलीतून येतात, आणि भारतात विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं डीजीसीए ते लागू करतं. म्हणून मुंबई असो की नवी मुंबईचा नवा विमानतळ, सांताक्रूझ असो की सिंगापूर, पाया एकच आहे.

आता आकडे. दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: "माझी पॉवर बँक चालेल का?"

विमानवाले एमएएच, म्हणजे पॉवर बँकेवर ठळक छापलेला क्षमतेचा आकडा, बघत नाहीत, वॉट-तास बघतात, म्हणजे आत एकूण ऊर्जा किती आहे ते. पॉवर बँकेच्या मागच्या बारीक अक्षरांत आकड्यापुढे इंग्रजी डब्ल्यू आणि एच छापलेले असतात, तोच हा आकडा. तो १०० पर्यंत असेल तर कोणाला विचारायची गरज नाही. १०० ते १६० च्या मधे असेल तर एअरलाइनची आधी परवानगी घ्यायची, आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर असेल तर ती प्रवाशाच्या सामानात जातच नाही, ना वर ना खाली.

वॉट-तास छापलेले नसतील तर हिशेब सोपा आहे. एमएएचला व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. लोक चुकतात ते व्होल्टमध्ये. पॉवर बँकेतून ५ व्होल्ट बाहेर येतात म्हणून ५ ने गुणतात आणि २०,००० एमएएचचे १०० वॉट-तास काढून घाबरतात. पण आतले सेल ३.७ व्होल्टचे असतात, ५ व्होल्ट हे सर्किट चढवून देतं. हिशेब सेलच्या व्होल्टने करायचा: २०,००० गुणिले ३.७ भागिले १०००, म्हणजे ७४ वॉट-तास. बिनधास्त न्या. १०,००० वाली ३७ वॉट-तासांची. २७,००० वाली ९९.९ ची, अगदी काठावर. ३०,००० वाली १११ ची, म्हणजे ती परवानगीच्या खात्यात गेली. अंदाजासाठी सांगतो, ५,००० एमएएचचा मोबाइल १९ च्या आसपास असतो आणि नेहमीचा लॅपटॉप ५० ते ७०. मोठमोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही शंभराला टेकून थांबतात ते याच नियमामुळे.

मागची अक्षरं पुसली गेली असतील, किंवा मुळात काही छापलेलंच नसेल, तर मात्र पंचाईत होते. तपासणाऱ्याला आत काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि तो ती अडवू शकतो. स्टेशनबाहेरच्या फळीवर तीनशे रुपयांत ५०,००० एमएएच लिहिलेल्या पॉवर बँका मिळतात. त्यातल्या काही मी खोलल्या आहेत. एकीत एकच जुना सेल होता आणि वजन यावं म्हणून वाळूची पुडी भरलेली होती. गिऱ्हाइकाला मी ती घरीसुद्धा वापरू देत नाही, मग विमानाचं तर नावच नको. आणि गंमत अशी, की तिच्यावरचा ५०,००० चा खोटा आकडा खरा धरला तर ती १८५ वॉट-तासांची होते आणि सरळ नियमाबाहेर जाते.

सुटी बॅटरी आणि उपकरणातली बॅटरी यांत नियम फरक करतात. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा ही उपकरणं शक्यतो जवळच ठेवावीत. खालच्या बॅगेत टाकायचीच वेळ आली तर ती पूर्ण बंद हवीत, नुसती झोपवलेली नव्हेत, आणि धक्क्यापासून जपलेली हवीत. लॅपटॉपची झाकणी मिटली म्हणजे तो बंद झाला असं समजू नका, बॅगेच्या आत तो जागा होऊन तापू शकतो. सुटी बॅटरी मात्र खाली कधीच नाही. पॉवर बँक ही नियमाच्या भाषेत सुटीच बॅटरी. चेक-इन झालेली बॅग एक्सरेतून जाते, त्यात ती दिसली की बॅग बाजूला निघते आणि तुम्हाला शोधत बसतात. कित्येकांचं विमान एवढ्यावरून चुकायच्या बेताला आलेलं आहे.

सुट्या बॅटरीचा दुसरा शत्रू म्हणजे बॅगेतली चिल्लर. कॅमेऱ्याच्या बॅटरीचे धातूचे टोक उघडे असतात. त्यांवर किल्ली, नाणं किंवा साखळी आडवी पडली की बाहेरूनच शॉर्ट. म्हणून प्रत्येक बॅटरीला तिचं प्लास्टिकचं झाकण लावा. झाकण हरवलं असेल तर टोकांवर चिकटपट्टी मारा आणि प्रत्येकीला वेगळ्या पिशवीत घाला. दादरचे लग्नाचं शूटिंग करणारे पुष्कळजण आमच्याकडे येतात. त्यांना तर हे मी बजावूनच सांगतो, कारण गोव्याच्या लग्नाला निघालेल्या माणसाच्या बॅगेत दहा-बारा बॅटऱ्या सहज असतात. कॅमेऱ्यामागे लावायच्या मोठ्या विटेसारख्या बॅटऱ्या घेताना १०० च्या आतल्या घ्या. १५० वाली घेतलीत तर दर फेरीला परवानगी मागावी लागेल, आणि दोनच नेता येतील.

चार्ज न होणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना वेगळं माप आहे, कारण त्यांत खरोखर लिथियम धातू असतो. एकीत २ ग्रॅमपर्यंत चालतो. घड्याळातल्या, गाडीच्या रिमोटमधल्या बटणासारख्या सेलमध्ये तो याच्या पासंगालाही पुरत नाही, तेव्हा त्यांची चिंता सोडा. घरात कोणाची बॅटरीवरची व्हीलचेअर असेल तर तिकीट काढतानाच एअरलाइनशी बोला. तिची काढता येणारी बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत केबिनमधून नेता येते. ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे, ती मागायला संकोच करू नका. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी मात्र कोणत्याही वाटेने जात नाही, तिच्यात हजारांच्या पटीत वॉट-तास असतात. चार्जिंगची सोय असलेली सूटकेस घेणार असाल तर तिची बॅटरी बाहेर निघते का हे दुकानातच बघून घ्या.

गेल्या काही काळात नियम आणखी एक पाऊल पुढे गेले. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियाच्या बुसान शहराजवळच्या विमानतळावर एक विमान उड्डाणाच्या तयारीत असताना डोक्यावरच्या कप्प्यात पेटलं. सगळे लोक वाचले, पण विमानाचं छत जळून गेलं. तपासात पॉवर बँकेतल्या बिघाडाची शक्यता पुढे आली. तोवर केबिनमध्ये आहे म्हणजे हाताशी आहे असं सगळे धरून चालत होते. त्या दिवशी कळलं, की डोक्यावरचा बंद कप्पासुद्धा हाताशी नसतो. धूर फटीतून बाहेर येईपर्यंत आत आग मुरलेली असते. कोरियाने त्याच मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते अजून जमिनीवरच असताना, पुढच्या सीटच्या खिशातल्या पॉवर बँकेने पेट घेतला. ती खिशात होती, डोळ्यांसमोर होती, म्हणून क्रूने ती लगेच विझवली. त्यानंतर डीजीसीएनेही सांगितलं: विमानात पॉवर बँकेने काही चार्ज करायचं नाही, आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. काही परदेशी एअरलाइन्स याहून कडक आहेत, एमिरेट्समध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशाला एकच नेता येते. चीनमध्ये देशांतर्गत विमानात तिथला प्रमाणित शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही. परदेशी निघताना जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही एअरलाइन्सचं पान आदल्या दिवशी एकदा वाचून घ्यावं.

मग ती ठेवायची कुठे? पुढच्या सीटखालच्या पिशवीत, सर्वांत वर, किंवा सीटच्या खिशात. स्वेटरच्या घडीत गुंडाळून नको, उष्णता कोंडते. विमानात ती हाताला गरम लागली, फुगलेली दिसली किंवा तो गोडसर वास आला, तर लपवू नका. लोक ओरडा बसेल म्हणून गप्प बसतात. ते एक मिनिटच मोलाचं असतं. क्रूला बोलावण्याचं बटण दाबा, आणि स्वतः ती उचलून इकडे-तिकडे नेऊ नका. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करायची नाही. सीटच्या यंत्रणेत मोबाइल चिरडला तर आतल्या पट्टीचं काय होईल हे आता तुम्हाला माहीत आहे. हात घालून ओढण्याऐवजी क्रूला सांगा, त्यांना तो काढायची रीत शिकवलेली असते.

आणि फुगलेली बॅटरी विमानात कुठेही चालत नाही, मग ती कितीही छोटी असो. फुगणं म्हणजे आतली रसायनं बिघडून वायू धरलेला आहे. केबिनमधला दाबसुद्धा साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो, त्यामुळे मुळात फुगलेली पिशवी वर आणखी ताठते. प्रवासाच्या आदल्या रात्री पॉवर बँक आणि मोबाइल टेबलावर ठेवून बघा. टेबलावर सपाट न बसता गोल फिरत असेल, किंवा मोबाइलची मागची काच कडेला उचलली गेली असेल, तर ती घरीच राहू द्या. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, सुई टोचून हवा काढायचा तर अजिबात नाही. असं करून आलेली माणसं मी पाहिली आहेत. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घेऊन त्यात ती ठेवा, गॅसपासून आणि पडद्यांपासून लांब, गॅलरीच्या सावलीत. सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाते आणि तिथे पेटते, आणि ती आग विझवायला सफाई कामगाराचे हात पुढे जातात. ई-कचरा घेणारे लोक ती नेतात, तोवर ती वाळूतच असू द्या.